जादा पाकळी

कुरियरवाल्याचा फोन आला तेव्हा बारा वाजून गेले होते.
केगावच्या फाटकापाशी डांबर चपलेला चिकटत होतं.
"मॅडम, बर्फाचं खोकं आहे तुमचं,
बर्फ मात्र राहिला नाही."
सही केली. खोकं हलवलं. आत पाणी वाजलं.

कुपी करंगळीच्या पेराएवढी.
उंदराचं प्रथिन. पुनर्संयोजित. शुद्धता पंच्याण्णव टक्क्यांवर.
फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.
दहा मायक्रोग्रॅम,
किंमत माझ्या दोन पगारांची.
उजेडाकडे धरली तर रिकामी.

हिरेमठ मॅडम म्हणाल्या, रिकामीच दिसते ती.
बुडाशी असेल, आधी फिरवून घे, मग झाकण काढ.
आणि कागद वाच नीट:
कोरडं आहे तोवर चार दिवस उन्हाला घाबरत नाही ते.
"सोलापूरचंच म्हण की!"

संध्याकाळी अम्माने विचारलं,
मांडीवरचं सूप न हलवता, तेंदूच्या पानावर कात्री फिरवत,
"एवढ्याशा पावडरीला किती उंदरं मारली गं?"

एकही नाही, म्हटलं.
उंदीर नाहीच त्यात, उंदराची नुसती अक्षरं.
ती एका जंतूच्या पोटात लिहून ठेवतात.
जंतूला बीळ ठाऊक नाही, मांजर ठाऊक नाही,
तो उबेत बसून रात्रभर
लिहिलंय तसं विणत राहतो.
मग जंतू फोडायचे.
धाग्याच्या टोकाला आधीच एक शेपूट बांधलेलं असतं,
ते निकेलला धरून राहतं, बाकी गाळ धुऊन जातो.

"म्हणजे जंतू मेले,"
अम्मा म्हणाली, आणि पुढचं पान घेतलं.
हजारातल्या दोनशे विड्या अजून बाकी होत्या.

नायनांचे कान मागांच्या खडखडाटात गेलेले,
पण 'विणत' हा शब्द त्यांना कुठूनही ऐकू येतो.
तीस वर्षं जकार्डची कार्डं ठोकली त्यांनी.
छिद्र असेल तिथे सुई आत जाते, धागा उचलला जातो.
छिद्र नसेल तिथे धागा गप्प पडून.
उचल, पड, उचल, उचल, पड:
झाला गुलाब.
"मागाला कुठं गुलाब ठाऊक असतो,"
ते म्हणाले, मला नव्हे, भिंतीला.

आणि मग ती गोष्ट, अम्माला पाठ असलेली.
साखर पेठेतल्या कारखान्यात
उंदराने एकदा एक कार्ड कुरतडलं,
कडेला नाही, ऐन मधोमध.
कुणाच्या ध्यानात आलं नाही.
अकरा चादरी उतरल्या, आणि प्रत्येक गुलाबाला
एक जादा पाकळी,
कान टवकारल्यासारखी.
चिप्पाशेठनी पैसे पगारातून कापले,
चादरी नायनांच्या गळ्यात.

दहा कुठे कुठे गेल्या.
अकरावी माझ्या खाटेवर असते.
तिच्यात गुंडाळून मला दवाखान्यातून घरी आणलं म्हणे.
काठ विरलाय, लाल रंग विटकरी झालाय,
ती पाकळी मात्र अजून घट्ट.
लहानपणी मी तिला चूक समजत नव्हते.
मला वाटायचं, गुलाब असाच असतो.

सकाळी कुपी फिरवली.
शंभर मायक्रोलिटर पाणी, हलवायचं नाही,
भिंतीवरून हळूच सोडायचं.
दहा नळ्यांत वाटलं.
वर मार्करने तारीख, 'उंदीर', आणि माझं आडनाव.
अक्षरं इतकी लहान काढली
की नायनांनी मान डोलावली असती.

शीतपेटीचं झाकण लावलं
आणि लाईट गेली.

आता ओलं झालंय ते.
आता घाबरणार.

लाडप्पा डिझेल आणायला गेलाय,
येतो म्हणाला दहा मिनिटांत.
मी झाकणावर हात ठेवून उभी आहे,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
फक्त उलट:
थंडी उतरू नये म्हणून.